शांतवनअण्णांची यादी

बनशंकरीतल्या त्या घरात राहायला गेले तेव्हा पहिल्याच सकाळी साडेसहाला मला जाग आली, ती खाली कुणीतरी कुणालातरी झापतंय असं वाटून. खिडकीतून डोकावले. अंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीत, स्वेटर आणि माकडटोपी घातलेले माझे घरमालक डोळे मिटून बसले होते आणि मोठ्या आवाजात बोलत होते.

"हे स्वर्गीय पित्या, आमच्या देशाच्या प्रधानास सुबुद्धी दे. मुख्यमंत्र्यांस आरोग्य दे. आमच्या वॉर्डाच्या इंजिनियरास तुझं भय दे, कारण दुसऱ्या कुणाचं त्याला न्हाईच. आणि तो व्हॉल्व सोडणारा सिद्दप्पा, त्याला मंगळवार कुठला नि बुधवार कुठला एवढं तरी कळू दे. लई झालं आता, टाकीत थेंब न्हाई. येशूच्या नावाने, आमेन."

आमेन म्हणून त्यांनी डोळे उघडले, वर माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय पोरी, झोप झाली न्हवं?"

हे शांतवनअण्णा. मूळचे निपाणीकडचे, तिथल्या जुन्या मराठी ख्रिस्ती घराण्यातले. एका सरकारी कारखान्यात टूलरूमचे फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आईबापांनी नाव शांतवन ठेवलं आणि देवानं स्वभाव भलत्याच पाकिटातला घातला. गल्लीतला इस्त्रीवाला, दूधवाला, चर्चचे खजिनदार, सगळ्यांशी त्यांचं एकेकदा तरी वाजलेलं होतं. पण सकाळची प्रार्थना कधी चुकली नाही. सगळ्या अधिकारी मंडळींची त्यांच्याकडे एक यादी होती, आणि ती वरून खाली, खात्याप्रमाणे जायची.

"आम्हाला तशी आज्ञाच हाय," त्यांनी मला समजावलं. "जो वर बसलाय त्याच्यासाठी मागायचं. म्हंजे खालच्यांना निवांत जगता येतंय. यात भक्ती कमी, स्वार्थच जास्त हाय बघ."

"पण अण्णा, एवढ्या मोठ्यानं?"

"देव बहिरा न्हाई गं. मनात म्हटलं की मला झोप लागते."

मी पुण्याहून आलेली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करणारी. आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम असायचं, बाकीचे दोन दिवस रस्त्यात जायचे. अण्णा म्हणायचे, "इस्राएली लोक चाळीस वर्षं वाळवंटात भटकले म्हणतात. त्यांची कंपनी बेळ्ळंदूरला असणार." त्यांची बायको रूथअक्का मला सकाळची कॉफी द्यायची आणि हळूच सांगायची, "त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. मी पंचेचाळीस वर्षं दिलेलं नाही." अक्का बोलायची कमी. पण बोलली की अण्णा गप्प.

शेजारी नंजुंडप्पा राहायचे. बायको वारलेली, मुलगा परदेशात, घरात एकटेच. मी यायच्या सातेक वर्षं आधी त्यांनी वरचा मजला चढवला, तेव्हा त्यांची बाल्कनी अण्णांच्या अंगणावर एक फूट पुढे आली. अण्णा कोर्टात गेले. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. तारखेच्या दिवशी दोघं एकाच स्टॉपवर उभे राहायचे, एकाच बसनं जायचे, एकाच बसनं यायचे, आणि तारीख पुढची मिळालेली असायची.

"अण्णा, सगळ्यांशी शांततेनं राहावं अशीही आज्ञा आहे ना तुम्हाला?" मी एकदा डिवचलं.

"हाय की. पण 'जमेल तितकं' असं पुढं लिवलंय. ते जे 'जमेल तितकं' हाय न्हवं, त्याच्याबाहेर नंजुंडप्पा येतोय."

मी तिथं जाऊन वर्ष झालं असेल. आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, रहिवासी संघाची निवडणूक झाली आणि नंजुंडप्पा अध्यक्ष झाले. पाण्याचं वेळापत्रक, रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची गाडी, सगळं त्यांच्या हाती आलं. संध्याकाळी ती बातमी घेऊन अण्णा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. मला वाटलं, शेजारी जिंकला म्हणून. तसं नव्हतं. नंजुंडप्पा आता अधिकारी झाले होते. म्हणजे यादीत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम खिडकीत बसले. प्रधान झाले, मुख्यमंत्री झाले, इंजिनियर झाले, सिद्दप्पा झाला. मग घाईघाईनं, "आणि संघाचे अध्यक्ष, जे कोण असतील ते. आमेन."

स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला. "अहो, नाव राहिलं."

"देवाला ठाऊक हाय नाव."

"सिद्दप्पाचंही ठाऊक आहे. त्याचं बरं रोज घेता?"

दोन घरं पलीकडे कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली. मग अण्णा अक्कलदाढ उपटून घेतल्यासारखे म्हणाले, "नंजुंडप्पास... बघ बाबा काय जमतंय ते."

आठ दिवस हे एवढंच चाललं. मग अक्कानं दुसरा आक्षेप काढला. "नुसतं नाव काय घेता? ही शाळेतली हजेरी आहे का? त्या माणसाला काय हवंय ते मागा."

"त्याला काय हवंय ते मला कसं ठाऊक? मी काय त्याच्याशी बोलतोय?"

"मग माहिती काढा."

आणि अण्णांनी माहिती काढायला सुरुवात केली. इतकी वर्षं त्या घराकडे त्यांनी फक्त बाल्कनीची मापं काढायला पाहिलं होतं. आता ते त्या घरातल्या माणसाकडे पाहायला लागले. दूधवाल्याकडून कळलं, शुगर आहे. औषधाच्या दुकानातून कळलं, डाव्या पायाला जखम झालीय आणि ती भरत नाही. मोलकरणीकडून कळलं, मुलगा फोन करत नाही. रोज सकाळच्या मजकुरात भर पडत गेली.

"नंजुंडप्पाचा डावा पाय भरून येऊ दे. काल जास्त लंगडत होता. गोड सोडायची अक्कल दे, परवा लग्नात चार पेढे खाताना मी सोता बघितलंय. अध्यक्षपद दिलंस तसं थोडं डोकंबी द्यायला पायजे होतंस, अजून वेळ गेली न्हाई. त्या पोराला म्हणावं, बाप एकटा हाय. संध्याकाळी बाल्कनीत बसून रस्त्याकडं बघतोय. रविवारचा तरी फोन कर."

केस मात्र चालूच होती. "केस म्हंजे भांडण न्हवं. भांडण नको म्हणून तर केस अस्ते," असं त्यांचं म्हणणं होतं.

असे आठ महिने गेले, आणि केसचा निकाल लागला. अण्णा जिंकले. बाल्कनीचा पुढे आलेला एक फूट नंजुंडप्पांनी स्वतः पाडून घ्यायचा होता. अण्णांनी गल्लीभर म्हैसूरपाक वाटला. पाडायच्या दिवशी ते चर्चला घालायचा कोट घालून, हातात कॉफीचा लोटा घेऊन, अंगणात खुर्ची टाकून बसले. मला हाक मारली, "ये पोरी, मीटिंग-बिटिंग सोड. नऊ वर्षांचा शो हाय."

दोन गवंडी बाल्कनीत चढले. एकानं छिन्नी लावली, दुसऱ्यानं घण उचलला. तेवढ्यात नंजुंडप्पा बाहेर आले आणि कठड्याशी ठेवलेल्या कुंड्या एकेक करून आत न्यायला लागले. पायाला बँडेज होतं. एक कुंडी उचलायची, लंगडत आत जायचं, परत यायचं. आमच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तिसऱ्या कुंडीला त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"निल्सी!" अण्णा एकदम ओरडले. थांबा! गवंडी थांबले. नंजुंडप्पा कुंडी धरून तसेच उभे राहिले. अण्णांनी लोटा खाली ठेवला, मान वर केली आणि आभाळाकडे बघत मराठीत म्हणाले, "हे बरोबर न्हाई हां! नऊ वर्षं मी लढलो आणि ऐन वेळी तू असं करतोस? फसवलंस की रे मला!"

मग त्यांनी गवंड्यांना कन्नडात सांगितलं की काम रद्द, घरी जा. आणि कोट काढून आत गेले.

मी मागून गेले. ते डायनिंग टेबलाशी बसले होते आणि खरोखर चिडलेले होते. "एका माणसाचा पाय बरा व्हावा म्हणून आठ महिने रोज मागितलं," ते म्हणाले. "आता त्याच्या घरावर घण पडताना मजा बघता येईना झालीया. औषधाच्या बाटलीवर लिवतात तसं प्रार्थनेवरबी लिवायला पायजे होतं की, काय काय होतंय ते."

अक्कानं त्यांच्यापुढे म्हैसूरपाक ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही.

नंजुंडप्पा रडत येऊन गळ्यात पडले असं काही झालं नाही. त्यांना यात डाव दिसला. संघाच्या वॉचमनकरवी त्यांनी निरोप पाठवला: बाल्कनी पाडायची नसेल तर स्टँपपेपरवर लिहून द्या. अण्णांचा भडका उडाला. "उपकार करायलाबी स्टँप लागतोय ह्याला!" पण लिहून दिलं. त्यात एक अट घातली, बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी अंगणात गळता कामा नये. दोघांनी सह्या केल्या, वकिलाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून. त्यानंतर गेटाशी समोरासमोर आले की नंजुंडप्पा विचारायचे, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का? अण्णा म्हणायचे, "आय्तु." झालं. याच्यापुढे बोलणं कधी गेलं नाही. अण्णा म्हणायचे, "शांतता एवढीच पुरे. जास्त झाली की पुन्हा भांडण लागतंय."

पुढच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका दुपारी अण्णा गेले. पेपर वाचता वाचता मान कलली ती कललीच. अंत्यविधीला चर्चची मराठी मंडळी आली, कारखान्यातले जुने लोक आले, व्हॉल्ववाला सिद्दप्पाही आला आणि लहान मुलासारखा रडला. नंजुंडप्पा पांढरं धोतर नेसून गेटाबाहेर उभे होते. आत आले नाहीत.

दहाएक दिवसांनी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. शेजारच्या बाल्कनीतून हाक आली.

"अम्मा, तुम्हाला मराठी येतं ना?" नंजुंडप्पा मोडक्या हिंदीत विचारत होते. "एक विचारायचं आहे. तो रोज सकाळी माझं नाव घ्यायचा."

"हो."

"शिव्या द्यायचा?"

मी काही बोलायच्या आत तेच पुढे सांगायला लागले. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, हा माणूस आपल्यावर काहीतरी करतोय. त्यांनी भटजी बोलावून घराची शांती करून घेतली होती. मग तो बाल्कनीचा प्रकार झाला आणि त्यांचा गोंधळ उडाला. सकाळी शिव्या देणारा माणूस दुपारी असं का करेल?

"मग त्यांनाच का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर बोलणं सुरू झालं असतं," ते म्हणाले.

थोडं गोड करून सांगावं, असं क्षणभर मनात आलं. पण तसं केलं असतं तर ते अण्णा राहिले नसते. मी जसंच्या तसं सांगितलं. पाय भरून यावा म्हणून मागायचे. गोड सुटावं म्हणून मागायचे, लग्नातले चार पेढे त्यांनी मोजले होते. अध्यक्षांना थोडं डोकं मिळावं हेही मागायचे.

"सरी, सरी," नंजुंडप्पा म्हणाले. बरं, बरं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"आणि तुमच्या मुलाचा फोन यावा म्हणून."

नंजुंडप्पांनी विचारलं, "ते कसं म्हणायचा?"

मी सांगितलं. बाप एकटा आहे. संध्याकाळी बाल्कनीत बसून रस्त्याकडे बघतो. रविवारी तरी फोन कर.

नंजुंडप्पांनी मागे हात करून वेताची खुर्ची चाचपली, पुढे ओढली आणि पाय सांभाळत खाली बसले. ते माझ्याकडे न बघता आमच्या रिकाम्या अंगणाकडे बघत होते. मग कन्नडातच म्हणाले,

"इन्नू स्वल्प हेळी." अजून थोडं सांगा.

मी पिळलेली चादर बादलीत ठेवली आणि सांगायला लागले.