सात नंबरची खाट

मंगळवार पेठेतल्या आमच्या हॉस्पिटलात पेशंटला नाव नव्हतंच. ‘चारला इंजेक्शन, सातला सलाईन’, एवढ्यावर वॉर्ड चालायचा. गडहिंग्लजची रुद्राणी सिस्टर मला सीनियर, तीही तसंच बोलायची.

चार नंबरच्या पारूबाईला उत्तरेकडं डोकं करून झोपायचं नव्हतं. तसं मढं ठेवतात म्हणे. तिनं समोरच्या सात नंबरवालीशी परस्पर खाट बदलली. रुद्राणीनं त्या बाईचं इंजेक्शन नेहमीसारखं सात नंबरला दिलं. पारूबाई त्याच खाटेवर दगावली.

पुढं २००८ साली हॉस्पिटल मानांकनाला बसलं आणि नवा नियम आला. औषध देण्याआधी पेशंटच्या तोंडून नाव ऐकायचं, मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. एवढी साधी गोष्ट बाहेरच्यांनी येऊन शिकवावी लागली, याचा मला अजून संताप येतो. रुद्राणीनं मात्र त्यानंतर कधी नंबर उच्चारला नाही.

तपासणीच्या दिवशी, भर दुपारी, ती ट्रे घेऊन सात नंबरपाशी थांबली. खाट रिकामी होती.

“नाव सांगा, मावशी.”

ती ऐकत राहिली. मग भरलेली सिरिंज तिनं ट्रेमध्ये परत ठेवली. “हे तुमचं न्हाय.”

“कुणाशी बोलताय?” मागं उभ्या तपासनीसांनी विचारलं.

“नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. नियमच हाय की.”

तपासनीस उशीकडं बघत राहिले. मी सकाळी झटकून ठेवलेली उशी मधोमध दबली होती.

मानांकन मिळालं. रुद्राणी रिटायर झाली. त्या खाटेची चादर आता मी बदलते. पण आधी नाव विचारते, आणि उत्तर येईपर्यंत थांबते.