रुळावरचा टब

आमच्या यवतमाळला जिथे छोट्या गाडीचे रूळ होते, तिथे आता सिमेंटचे गट्टू बसवलेला चौक आहे. त्या चौकाच्या कडेला एक म्हातारे पंक्चरवाले बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे काकाजीच म्हणतात.

गाडी होती तेव्हाही ते इथेच बसायचे आणि पाण्याचा टब खुशाल रुळावर मांडायचे. फाटक लावायला गाडीवरचाच माणूस खाली उतरायचा. त्याचं फाटक लावून होईपर्यंत काकाजी टब ओढून घ्यायचे आणि गाडी गेली की परत ठेवायचे. पुढे गाडी बंद पडली, तरी कुठे मोठा हॉर्न वाजला की त्यांचा हात टबाकडे जायचा. शेजारचा चहावाला हसायचा. मला मात्र त्या हाताकडे बघून कसंतरीच व्हायचं.

"बंद नाही, थांबली हाये," ते म्हणायचे.

रुळांवर मुरूम पडला त्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला विचारलं, "मंग गाडी आली त कुठून जाईन?"

"कोनती गाडी, काकाजी?" मिस्त्री म्हणाला.

परवा ते माझ्या स्कूटरच्या ट्यूबमधलं पंक्चर शोधत होते. टब रुळांच्या जुन्या जागीच, गट्टूंवर मांडलेला होता. मागून ट्रकने जोरात हॉर्न दिला. काकाजी जागचे हलले नाहीत. ट्रकचं चाक टबावरून गेलं आणि पाणी सगळ्या गट्टूंवर पसरलं.

"काकाजी, हॉर्न नाही ऐकू आला?"

"आला ना." त्यांनी ट्यूब गालाजवळ नेली आणि हवा कुठून निसटते ते बघू लागले. "पन आता कोनासाठी हटवू, भाऊ?"