उपासाला बसलेला पोपट

पोपटाने नानांचा अंगठा फोडला होता आणि त्याचं कारण काय, यावर घरात तीन मतं होती.

नाना म्हणाले, दृष्ट लागली. त्यांचा मुलगा अनंता म्हणाला, म्हातारा झालाय. सून मेधा म्हणाली, माकडं. "परवा दोन बंदर पिंजऱ्यावर चढून बसले होते, मावशी. तेव्हापासून सटकलाय."

मी जनावरांची डॉक्टर. सरकारी दवाखान्यात गाई-म्हशी बघत जन्म गेला. संध्याकाळी मात्र बनारसमधल्या मराठी घरांतून बोलावणी यायची, कुणाचं मांजर, कुणाचा कुत्रा, आणि बऱ्याच घरी पोपट. देशी पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे. मी हे प्रत्येक घरी सांगायचे आणि प्रत्येक घरी मला त्यावर चहा मिळायचा.

हे घडलं तेव्हा मी निवृत्तीच्या तोंडावर होते. आज माझी नात विचारते, "आजी, तू तेव्हा यंग होतीस?" होते. साठीच्या आतली बाई म्हणजे अगदीच पोर. गळ्यात स्टेथोस्कोप घालून गल्लीतून चालायचे. पक्ष्याला त्याचा फारसा उपयोग नसतो. तो गल्लीसाठी होता.

नाना म्हणजे याज्ञिक. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदानं दशाश्वमेधावर करत त्यांनी आयुष्य काढलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, म्हणून घरीच. घर मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत. यात्रेकरू पाया पडायला घरी येत तेव्हा राघू पिंजऱ्यातून आधी विचारी, "गोत्र कोणतं?" लोक हसत, पण गोत्र सांगत. अनंता आणि मेधा घरात मराठी बोलतात, पण घाईत असले की हिंदीवर जातात, आणि ते बहुतेक वेळा घाईतच असतात. दिवसभर नानांशी मराठीत बोलणारा राघू तेवढा उरला होता.

तो आता बोलत नव्हता. पिसं फुलवून गोळा होऊन बसला होता. श्वास घेताना शेपटी खालीवर हलत होती. इथे एक गोष्ट सांगून ठेवते. पोपट आजार लपवतो. रानात आजारी दिसला की त्याला ससाणा उचलतो, म्हणून शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं सोंग करतो. लोक म्हणतात, "कालपर्यंत चांगला होता हो." कालपर्यंत तो सोंग करत होता. आणि चावरा झाला तर तो रागावलेला नसतो, त्याला दुखत असतं.

मी त्याला रुमालात धरला. छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागलं. मांस उरलंच नव्हतं. पिंजऱ्यातला कागद बघितला. पोपटाच्या विष्ठेत एक पांढरा भाग असतो, तो पांढराच हवा. याचा पिवळट हिरवा होता. म्हणजे लिव्हर.

"काय खातो?" मी विचारलं.

"मिरची, पेरू, हरभऱ्याची डाळ," मेधा म्हणाली.

हे उत्तर मला सगळ्या घरांत मिळतं. आपण काय देतो ते लोक सांगत नाहीत, काय द्यायला हवं ते सांगतात. मी मान डोलावली आणि चहा हळूहळू प्यायले. नानांच्या जेवणाची वेळ व्हायला आली होती. मला ते जेवण बघायचं होतं.

नानांचं पान मांडलं. भगर, आणि दाण्याची आमटी. नानांनी आधी पिंजऱ्याकडे हात नेला आणि राघूच्या वाटीत शेंगदाणे टाकले.

"नाना, हे काय?"

"चातुर्मास आहे ना," नाना म्हणाले. "चार महिने धान्य नाही. मी धरलंय, राघूनेही धरलंय."

"राघूने?"

"संकल्प सोडताना त्याचं नाव घेतलं. या घरात दुसरं कोण धरणार होतं?"

मेधाने पदर सारखा केला. अनंता बँकेतून अजून परतला नव्हता, नाहीतर त्यानेही काहीतरी सारखं केलं असतं.

म्हणजे पोपट गेले कित्येक आठवडे शेंगदाण्यांवर जगत होता. तेवढ्यानेही लिव्हर बिघडतं, पण इतकं आणि इतक्या लवकर नाही. मी म्हटलं, "दाण्यांचा डबा बघू."

इथे गोंधळ झाला. डबा सोवळ्यातला होता. त्याला नानांशिवाय कुणी हात लावायचा नाही. अन्नधान्य खाणाऱ्या मेधाने नाही, भांडी घासणाऱ्या बाईने तर नाहीच. मेधा नवे दाणे आणायची आणि वरून, डब्याला न शिवता, ओतायची. नाना जुनं आधी संपवायचं म्हणून हात थेट तळाशी घालायचे. डबा घासून कधी कोरडा केला, हे कुणालाच आठवेना. त्यात हे दिवस. गंगा चढलेली, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, गल्लीतल्या भिंतींना हात लावला तर ओला व्हावा.

नानांनीच डबा उघडून माझ्यासमोर धरला. मी नुसती वाकले. कोंदट, कुबट वास आला. तळाशी दाणे काळपट, सुरकुतलेले, काहींवर हिरवी भुकटी. नानांना ती दिसत नव्हती. ते बोटांनी चाचपून चांगले टपोरे दाणे कुटाला काढत आणि "हे बारके कुटात नीट बसत नाहीत" म्हणून सुरकुतलेले राघूला देत. बुरशी सगळ्यात जास्त असते ती त्याच दाण्यांत. इतक्या प्रेमाने निवडून विष घातलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

ही बुरशी दाण्यात एक विष सोडते. अफ्लाटॉक्सिन त्याचं नाव. ते लिव्हर खातं. पोपट मुठीएवढा, त्याचं लिव्हर नखाएवढं, म्हणून तो आधी पडला. नाना त्याच डब्यातलं कूट रोज खात होते.

"नाना, डबा टाका. आजच. तुम्हीपण यातलं खाऊ नका."

"मी दाणे भाजून घेतो."

"भाजून जात नाही ते. उकळूनही नाही."

"प्रमाण काय?"

आता शास्त्र्याशी वाद घालू नये, एवढी अक्कल त्या वयात यायला हवी होती. पण गळ्यात स्टेथोस्कोप होता. मी अर्धा तास मराठीत, हिंदीत आणि मधूनमधून इंग्रजीत व्याख्यान दिलं. सेल, टॉक्सिन, एन्झाइम. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे सगळं तू वाचलेलं. पाहिलेलं काय?"

"राघूकडे बघा की!"

"बघतो. तो गेला तर तुझं खरं. डबा गंगेत नाही, उकिरड्यावर टाकीन. तो जगला तर डब्यात दोष नाही. तोवर मी शिंगाडा खातो. झालं?"

झालं नव्हतं. पण शिंगाडा तरी खाणार होते. राघूचं काम त्याहून सोपं निघालं. मी मोड आलेले मूग, पेरू, मेथीची पानं आणि लिव्हरचे थेंब असं औषध म्हणून लिहून दिलं.

"मूग?" नाना म्हणाले.

"औषध आहे ते. औषधाने उपास मोडतो का?"

नानांनी क्षणभर माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे पाहिलं. "लबाड आहेस," म्हणाले, आणि मूग मान्य केले.

दारात मी मेधाला स्पष्ट सांगितलं, लिव्हर किती उरलंय त्यावर आहे, फार आशा धरू नका. काही झालं तर लगेच फोन करा.

फोन आला, पण अनंताचा. "मावशी, कमाल झाली! आपका दवा तो... एकदम फर्स्ट क्लास. उड्या मारतोय. यायची गरज नाही."

यायची गरज नाही म्हटल्यावर मी गेलेच. शाबासकी हवी होती, दुसरं काय. नानांनी ती भरभरून दिली. खुर्ची पुढे करायला लावली, मेधाकडून आल्याचा चहा करवला. "इतकी वर्षं म्हशींत फुकट घालवलीस," म्हणाले. पिंजरा खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, अर्धा कापडाने झाकलेला. आत हिरवं काहीतरी टुणटुणत होतं. मी लांबूनच त्याचं कौतुक केलं. असं लिव्हर परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी पूर्ण कप संपेपर्यंत स्वतःला पटवत होते की माझ्या हाताला काही वेगळाच गुण असावा. दवाखान्यात हे कुणाला कसं सांगायचं, त्याची वाक्यंही जुळवून झाली होती.

"बोलतो का?" मी विचारलं.

"नाही अजून," नाना म्हणाले. "अनंता म्हणतो, तुझ्या औषधाने वाचा गेली. येईल परत. मी रोज त्याच्याजवळ बसून बोलतो. जुन्या यजमानांची नावं घेतो, त्याला सगळी ठाऊक आहेत."

मी उठून कापड बाजूला केलं. राघूच्या गळ्यात तांबडी-काळी रेघ होती, मोठ्या नराला असते तशी. याच्या गळ्यात काही नव्हतं. मोठ्या पोपटाच्या बुबुळाभोवती फिकट पिवळं कडं असतं. याचा डोळा अख्खा काळा. हे यंदाचं पिल्लू होतं.

मी मागे वळले. अनंता दारात उभा होता. त्याने हात जोडले. नानांना दिसणार नाहीत असे.

मी त्याला बाहेर घेऊन जाऊन विचारलं असतं. शहाण्या बाईने तसंच केलं असतं. पण तेवढ्यात नाना पाटावर बसले, मांडीशी तो डबा ओढला, हात तळाशी घातला आणि मूठभर दाणे काढले.

"नाना!"

"घाबरू नकोस. मी परीक्षा घेतली. राघूलाही परत घालून पाहिले. मजेत खातोय, काही होत नाही. डब्यात दोष असता तर झालं असतं ना? प्रमाण मिळालं. तुझं औषध चांगलं, पण निदान चुकलं हो, डॉक्टरीणबाई."

पिंजऱ्यात ते पिल्लू एका पायावर उभं राहून खरंच दाणा फोडत होतं. मी हात घालून तो त्याच्या नखांतून काढून घेतला. ते मला चावलं. त्याचं बरोबर होतं.

"नाना, हा राघू नाही. राघू गेला."

अनंता म्हणाला, "मावशी, प्लीज."

"अरे, ते काय खातायत बघ! राघू मेला त्याच डब्यातलं!"

"मला काय माहीत डब्याचं! मला कुणी सांगितलं?" अनंता मेधाकडे वळला. मेधा म्हणाली, "मैंने कहा था. दाण्यांचं म्हटलं होतं मी. तुम्ही म्हणालात, पहले तोता लाने दो." मग दोघं हिंदीत भांडू लागले. अनंताचं म्हणणं, बाबांना धक्का बसला असता, मी बाजार पालथा घालून त्यांच्यासाठी पोपट शोधला आणि त्याचं हे फळ. खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. त्याने हे मायेनेच केलं होतं. घाईत केलं होतं, इतकंच.

नानांनी मूठ उघडून दाणे पानाच्या बाजूला ठेवले. "कधी गेला?"

मेधा म्हणाली, "शुक्रवारी, बाबा. तुम्ही पूजेला बसला होतात."

"कुठे ठेवलात?"

"गंगेत सोडला," अनंता म्हणाला.

"मंत्र?"

मंत्र कुणी म्हटले नव्हते. पोपटाला मंत्र कोण म्हणतं? पण ज्याचं नाव संकल्पात घेतलं, त्याला नानांनी म्हटले असते. उभा जन्म त्यांनी लोकांच्या माणसांसाठी तेच केलं होतं.

मग नाना पिंजऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी कुणाशी बोलतोय?"

पिल्लू कर्कश ओरडलं. रानातला पोपट ओरडतो तसं.

पुढचं थोडक्यात सांगते. डबा उकिरड्यावर गेला. नानांच्या रक्ताची तपासणी करवली, लिव्हर शाबूत निघालं. पिल्लू मी वनविभागात नेऊन दिलं. कुठून आणलं, या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. दिवाळीनंतर नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांना चांगलं दिसू लागलं. त्यामुळे ते मला आता लांबूनच ओळखतात आणि बाजूच्या गल्लीत वळतात. मी एकदा मागून हाक मारली होती, तेव्हा थांबले. "तू बरोबर होतीस," म्हणाले, आणि गेले. अनंता सगळीकडे सांगतो की मावशींना दोन मिनिटं गप्प बसता आलं नाही. त्या घरातून पुन्हा बोलावणं आलं नाही. आसपासच्या दोन-तीन मराठी घरांनीही डॉक्टर बदलला.

या धंद्यात मेलेल्या जनावराचाही उपयोग असतो. ते कशाने मेलं हे कळलं तर घरातले बाकीचे वाचतात. म्हणून जिथे जाईन तिथे आधीच सांगत आले, गेलं तर गेलं म्हणा आणि मला कळवा, त्याच्या जागी दुसरं आणून बसवू नका. लोक म्हणतात, असं अशुभ काय बोलता, चहा घ्या.