दहा मिनिटांची खरखर

माझा उजवा पाय एका जागी राहत नाही. खुर्चीत बसलो की टेबलाखाली तो आपला आपला हलत असतो. आई म्हणायची, पाय हलवू नकोस, घरात कटकटी होतात. शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. पाय काही थांबला नाही, आणि कटकटी म्हणाल तर मी त्यांचीच नोकरी धरली. विजेच्या तारांमधली कटकट शोधून काढणं हे माझं काम.

नीट सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं मी वायरमन आहे. घराघरांत बसणारे नवे मीटर आपलं रीडिंग आपणच पाठवतात. आम्ही बनवतो ते मीटर विजेच्याच तारेतून पाठवतात. वेगळी वायर नाही, सिमकार्ड नाही. ज्या तारेवर मिक्सर फिरतो, फोन चार्ज होतो, त्याच तारेवरून मीटरने जिन्याखालच्या, सगळ्यांचं रीडिंग गोळा करणाऱ्या पेटीशी बोलायचं. आता ती तार काही बोलण्यासाठी घातलेली नाही. कुणी गिझर लावला, कुणी रस्त्यावरचा स्वस्त दिवा आणून लावला, की वाट बदलते. म्हणून खरं काही सांगायच्या आधी मीटर एक ठरलेला शब्द पाठवतो. पेटीला तो आधीपासून पाठ असतो. तो किती वाकडातिकडा होऊन पोचला यावरून पेटी ओळखते, की आज वाट कशी आहे. मंडपातला माइकवाला ‘हॅलो, टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणतो ना, तसंच. टूनंतर थ्री येणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर आवाज कसा येतोय तिकडे कान देता येतो. नवीन लागलेल्या प्रत्येकाला मी हे असंच समजावतो.

आणि रोज दुपारी एक वाजता मला आईचा फोन येतो.

‘जेवलास का?’

‘हो. तू कशी आहेस?’

‘बरी आहे. ठेवते.’

बस, एवढंच. बाबा गेल्यापासून ती मुलुंडच्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी बोरिवलीला, तेविसाव्या मजल्यावर. तिला म्हटलं की चल आमच्याकडे, की ती विषय बदलायची. फोन आला तेव्हा माझा डबा कित्येकदा बॅगेत तसाच असायचा, तरी मी हो म्हणायचो. कोण त्या पुराणात शिरणार.

आमच्या मीटरांची चाचणी घ्यायला एक जुनी इमारत हवी होती, जुन्या वायरिंगची. मी म्हटलं, आमची मुलुंडचीच घ्या. तिथले सेक्रेटरी काका मला चड्डीत असल्यापासून ओळखतात. एका चहात परवानगी मिळाली. मीटर बसले, पेटी बसली, दोन आठवडे सगळं झकास चाललं. मग सकाळी सातच्या सुमारास आणि दुपारी चारच्या सुमारास तारेत खरखर यायला लागली, आणि तेवढा वेळ अर्धी इमारत मुकी व्हायची. रीडिंगच्या तक्त्यात रोज दोन भोकं.

मी पेटलो. मला न सापडलेली खरखर म्हणजे दातात अडकलेलं सुपारीचं खांड, जीभ सारखी तिथंच जाते. यंत्र घेऊन मी घराघरांत गेलो. पहिल्या मजल्यावर एक काकू राहतात, त्यांच्याकडे घरघंटी आहे. मी जाणकाराचा आव आणून सांगितलं, काकू, तुमचीच घरघंटी आहे, थोडे दिवस बंद ठेवा. बिचाऱ्या दोन आठवडे पीठ नाक्यावरच्या गिरणीतून आणत होत्या. खरखर जिथल्या तिथं. मग दुसऱ्या मजल्यावरचा फिशटँक झाला, गच्चीवरचा पंप झाला. सगळ्यांना संशयित केलं. एकच घर सोडलं, आमचं. आपल्या घरातलं काय बघायचं, आई एकटी, ती तर मिक्सरही लावत नाही, चटणी अजून पाट्यावर वाटते. त्या दिवसांत मी तिच्याकडे चहा प्यायचो आणि तिच्याच पुढ्यात शेजाऱ्यांना शिव्या घालायचो. ती म्हणायची, सापडेल रे, पाय हलवू नकोस.

सापडलं नाही तेव्हा मी तो उद्योग केला, ज्याची मला आजही लाज वाटते. मीटरांना सांगून टाकलं, की त्या दोन वेळी बोलूच नका. सातला गप्प, चारला गप्प, नंतर बोला. आमच्यात त्याला मौन म्हणतात. तक्त्यातली भोकं गेली. साहेब म्हणाले, वा. मी काकूंना घरघंटी चालू करायला सांगितली, माफी मागायची राहून गेली, आणि प्रकरण मिटवलं.

मिटलं कसलं. पाऊस संपता संपता मौनाच्या बाहेर भोकं दिसायला लागली. आधी दुपारी बारा, मग संध्याकाळी आठ, मग कधीही. साहेब म्हणाले, आणखी मौन घाला. मी घालायला बसलोही होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती घाटकोपरची, मूळची मालवणकडची, जिभेला हाड नाही. ती माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाली, ‘मेल्या, असं करत करत सगळे मीटर मुके करशील. आवाज कुठून येतोय ते तरी बघ की.’

तिनेच खुर्ची ओढली. कुठला मीटर आधी बहिरा होतो, कुठला नंतर, कुठल्या वायरवरचे जास्त, असं करत करत ती तीन घरांवर आली.

‘ही दोन तू तपासलीस. तिसरं कुणाचं?’

‘आमचं.’

‘तपासलंस?’

‘अगं आई एकटीच असते तिथं. तिच्याकडे काय असणार?’

तिने खरखरीचे सगळे तुकडे एकाखाली एक लावले. वेळा वेगवेगळ्या, पण लांबी एकच. दहा मिनिटं, फार तर अकरा. मिक्सर दहा मिनिटं चालत नाही. पंप दहा मिनिटांत थांबत नाही. दिवसात पाच वेळा, मोजून दहा मिनिटं, असं कोण काय लावतं, मी मोठ्याने विचारलं. माझा पाय टेबलाला लागून टेबल थडथडत होतं.

‘माझ्या पोरीला दमा आहे,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘दहा मिनिटं म्हणजे वाफेचं मशीन. औषध घालून मास्क लावतात ते. स्वस्तातलं असेल तर त्याचा अडॅप्टर असलीच घाण करतो.’

मी उठलो. बसलो. पुन्हा उठलो. तिने ड्रॉवरमधून चांगल्यातला एक अडॅप्टर काढून माझ्या बॅगेत टाकला आणि म्हणाली, ‘हा लाव तिथं. तार साफ होईल. आणि आता जा.’

अंधेरीच्या ऑफिसातून मुलुंड दुपारच्या वेळेला म्हणजे नशिबाचा खेळ. रिक्षा जोडरस्त्याला लागली आणि सिग्नलला अडकली ती अडकलीच. मला उतरून चालत सुटावंसं वाटत होतं. रिक्षावाला आरशातून माझा पाय बघत होता. मी डोक्यात आईचे फोन एकाखाली एक लावत होतो. गेल्या काही महिन्यांत ती ‘बरी आहे, ठेवते’ असं एका दमात म्हणत नव्हती. ‘बरी’ म्हणायची. थांबायची. ‘आहे’ म्हणायची. मग पुन्हा थांबून ‘ठेवते’. आणि मला वाटायचं, नेटवर्क. मी तिला नवा फोन आणून दिला होता. कंपनी बदलून दिली होती. स्वतःच्या हुशारीचा एवढा राग मला कधी आला नव्हता. आख्ख्या जगाला शिकवत फिरतो, की ठरलेला शब्द कसा पोचतोय ते ऐका, आणि आई रोज एक वाजता तोच शब्द पाठवत होती. मी फक्त शब्द ऐकत होतो.

तीन मजले चढलो तेव्हा चार वाजून गेले होते. दारातूनच आवाज येत होता, घर्रर्र. बेल वाजवली तर तो बंद झाला. दार उघडायला तिने बराच वेळ घेतला. तोंड पुसून आली होती, पण गालांवर मास्कच्या कडांची लाल रेघ होती.

‘कामाच्या दिवशी कसा आलास?’

‘मशीन कुठंय?’

‘कसलं मशीन?’

‘आई.’

ती खुर्चीत बसली. नजर देव्हाऱ्याखालच्या कपाटाकडे गेली, तेवढ्यात मी ते उघडलं. उदबत्त्या आणि वातींच्या मागे टॉवेलात गुंडाळलेलं मशीन होतं, अजून कोमट. माझा चहा तिथून दोन हातांवर होत असे.

‘कुणी सांगितलं? सेक्रेटरींनी?’

‘मीटरने.’

मी सगळं सांगितलं. सातचं, चारचं, मौन, काकूंची घरघंटी. मला वाटलं ती रडेल. ती चिडली. असं चिडलेलं मी तिला बाबांवरही पाहिलं नव्हतं.

‘म्हणजे मला धाप लागली की तुझ्या ऑफिसात कळतं? कोण कोण बघतं?’

‘कुणी नाही. दोघंच.’

‘मी दार लावून बसते रे. दार लावून.’

मग मीही चिडलो. किती महिने, डॉक्टर कोण, मला का नाही सांगितलं, मी काय मेलो होतो का, असं बरंच बोललो. डॉक्टर कोपऱ्यावरचेच होते, औषधं चालू होती, मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठीही होती. त्यांच्याकडे जायला मात्र कुणीतरी सोबत लागणार होतं, म्हणून ती चिठ्ठी पंचांगात घालून ठेवली होती.

‘सांगितलं असतं तर तू मला उचलून बोरिवलीला नेलं असतंस,’ ती म्हणाली. ‘खोटं आहे का सांग.’

खोटं नव्हतं.

‘तेविसाव्या मजल्यावर मी काय करू? ढग बघू? इथं मी खाली उतरले नाही तर काकू वर येते. भाजीवाला टोपली वर पाठवतो. मला इथं राहायचंय. श्वास पुरेल तितकं इथंच.’

हे म्हणताना ती तीनदा थांबली. या वेळी मी मोजलं.

मी बॅगेतला अडॅप्टर काढला, पण हातातच धरून बसलो. तो लावला की खरखर संपणार. माझं काम फत्ते, आणि आईला कधी धाप लागली हे मला पुन्हा कधी कळणार नाही. नाही लावला तर ती इथं मास्क लावणार आणि मी अंधेरीत बसून बघणार, चोरासारखा. खरं सांगतो, मला नको होता लावायला. भीती वाटत होती.

‘काय आहे ते?’ तिने विचारलं.

तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. जुना अडॅप्टर तिनेच काढला, नवा लावला, बटण दाबून बघितलं. मशीन चालू झालं.

‘आता दिसतंय तुला?’

मी फोनवर बघितलं. चारचं मौन संपलं होतं, तार स्वच्छ होती, सगळे मीटर बोलत होते. ‘नाही,’ म्हटलं.

‘मग विचारायचं. विचारलंस तर सांगेन.’ आणि मास्क तोंडाला लावण्याआधी म्हणाली, ‘पण तू रोज हो म्हणतोस ना, जेवलो म्हणून, ते मला कळतं. फुकट हो म्हणू नकोस.’

जाताना पहिल्या मजल्यावर काकूंची बेल वाजवली आणि राहिलेली माफी मागितली. त्यांनी ताजं पीठ पिशवीत घालून दिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळी मौनं काढून टाकली. मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळत होती शनिवारची, ती घेतली. तक्ता सकाळपासून भरगच्च होता, एक भोक नाही, आणि मी दर पाच मिनिटांनी तो उघडत होतो. घाटकोपरची म्हणाली, ‘त्यात नाहीये रे आता काही. बंद कर.’

एक वाजता फोन वाजला.

‘जेवलास का?’

हो अगदी ओठांवर आलं होतं. डबा बॅगेत होता.

‘नाही,’ म्हटलं. ‘तू कशी आहेस?’

पलीकडे काहीच आलं नाही. नेटवर्क चांगलं होतं. मी फोन कानाला घट्ट लावला तेव्हा तिचा श्वास ऐकू आला, बारीक शीळ घातल्यासारखा, आत जाताना आणि बाहेर येताना.

‘सकाळपासून चार वेळा वाफ घेतली,’ ती म्हणाली. ‘धाप उतरत नाहीये.’

‘निघतो मी. डॉक्टरांकडे आजच जाऊ.’

‘आधी जेव,’ ती म्हणाली. मग थांबली. श्वास घेतला, सोडला, आणि मला आठवतंय तेव्हापासून कधीच न म्हटलेलं म्हणाली.

‘नको. आधी ये.’