शून्याच्या घरातलं भोक

सयाजीराव निकमांनी कुणाला तोंडावर चांगलं म्हटल्याचं ऐरोलीत तरी कुणाच्या ऐकिवात नाही. माणूस वाईट मुळीच नाही. दिघ्याच्या एका पंपाच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते. तिथली रीत अशी, की खोट निघालेल्या भागावर लाल खडूची फुली मारायची आणि चांगला भाग काही न बोलता पुढे सरकवायचा. एकतीस वर्षं हेच केल्यावर हात काय आणि जीभ काय, त्याच वळणाची होते. घरीही तेच. आमटीत मीठ कमी पडलं तर पहिल्या घासालाच कळायचं. आमटी झकास झाली तर साहेब गप जेवायचे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं शालनताई यावरून रडल्या, मग त्यांनी आपली समजूत घालून घेतली. "गप जेवले म्हंजे जमलं," असं त्या शेजारणींना सांगायच्या.

अशा माणसाला कुणी मोटारसायकलच्या ट्रायल्समध्ये ऑब्झर्व्हर केलं, म्हणजे चुका काढायला रानच मोकळं करून दिलं.

ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे, तिथे वेगाला विचारतो कोण! पनवेलच्या अलीकडे बंद पडलेली एक दगडाची खाण आहे. तिथे दरवर्षी फेब्रुवारीत हौशी पोरं जुन्या, सीट काढलेल्या बाइक घेऊन जमायची. दोन्ही बाजूंनी फीत बांधून खडकांतून वाट आखायची, तिला सेक्शन म्हणायचं. त्या वाटेने उभ्यानं, मुंगीच्या पावलानं गाडी काढायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. एकदा लागला की एक गुण, दोनदा दोन, त्याहून जास्त कितीही वेळा लागला तरी तीन. पडला किंवा गाडी बंद पडली की पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो जिंकला. प्रत्येकाच्या हँडलला एक कार्ड लटकवलेलं असायचं आणि त्यावर प्रत्येक सेक्शनसमोर शून्य, एक, दोन, तीन, पाच अशी घरं. ऑब्झर्व्हरने कंडक्टरसारखा चिमटा घेऊन उभं राहायचं, बघायचं आणि योग्य त्या घरात भोक पाडायचं.

सयाजीराव तिथे गेले ते मुलामुळे. शिवतेजला गाडीचा नाद होता. पहिल्याच ट्रायलला एक ऑब्झर्व्हर आला नाही, तेव्हा टोपी घातलेली एक मुलगी धावत आली आणि त्यांच्या हातात चिमटा ठेवून म्हणाली, "काका, फक्त पायांकडे बघायचं. जमेल?" त्यांना न जमायला काय झालं! पुढे शिवतेज पुण्याला नोकरीला गेला, त्याने गाडी विकली, पण वडील काही खाण सोडेनात.

ती मुलगी म्हणजे दीक्षा कांबळे. खारघरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. तिचा धाकटा भाऊ आकाश गाडी चालवायचा आणि बाकीचं सगळं ती बघायची. डिसेंबर लागला की हिचे रविवार खाणीत जायचे. दगड लोटायचे, बाण रंगवायचे, फिती बांधायच्या, रुग्णवाहिकेवाल्याच्या हातापाया पडायचं, ट्रायलच्या दिवशी सगळ्यांसाठी आईच्या हातची उसळ आणायची. जोडीला चार-पाच जण असायचे, तेही असेच, घरचं खाऊन राबणारे.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. इंद्रजित नावाच्या एका तयारीच्या गड्याने सयाजीरावांचा सेक्शन पाय न लावता पार केला, आणि टाळ्यांच्या नादात कार्ड न देताच पुढे निघून गेला. तासाभराने धापा टाकत परत आला.

"काका, भोक पाडायचं राहिलं. शून्य."

"राहिलं ते राहिलं," सयाजीराव म्हणाले. "शून्य असलं तरी शून्याच्या घरात भोक लागतं. कोरं घर म्हणजे सेक्शन सोडला. त्याचे वीस गुण दंड."

"अहो, तुम्ही डोळ्यांनी बघितलंय!"

"बघितलं. पण ते त्या वेळी कार्डावर यायला हवं. मागाहून नाही."

इंद्रजितचा पहिला नंबर गेला. त्याने आकांडतांडव केलं, पोरं दोन्हीकडून ओरडायला लागली. तेव्हा दीक्षा मधे येऊन उभी राहिली. "काकांचं बरोबर आहे. नियम आपणच छापलाय," एवढंच बोलली आणि विषय संपवला. सयाजीरावांच्या मनात ही पोरगी त्या दिवशी बसली. त्यांनी तिला तसं सांगितलं का? छे!

संध्याकाळी ती सगळ्यांना एक कागद वाटायची. डावीकडे 'काय आवडलं', उजवीकडे 'काय सुधारायला हवं'. पोरं 'मस्त', 'एक नंबर' असं खरडून द्यायची. सयाजीराव कागद घरी न्यायचे, चष्मा लावायचे, डाव्या रकान्यावर एक तिरकी रेघ ओढायचे आणि उजवा रकाना भरून पाठपोट लिहायचे. पहिल्या वर्षी तेवीस मुद्दे होते. चौथ्या सेक्शनचा बाण उन्हात दिसत नाही. सहाव्यातला डावीकडचा दगड दोन फेऱ्यांनंतर हलतो, कुणाचा तरी पाय जाईल. पाण्याचं पिंप लांब आहे. उसळ गार होती. एकही मुद्दा खोटा नाही, एकही खोडसाळ नाही. सगळं मोजूनमापून.

पुढच्या वर्षी बाण पिवळे झाले, दगडाला पाचर बसली, पिंप जवळ आलं. उसळसुद्धा गरम. सयाजीरावांनी ते सगळं पाहिलं, मनात बरोबरच्या खुणा केल्या आणि सतरा नवे मुद्दे लिहिले. मग अकरा. करोनात एक वर्ष गेलं. पुढे सात, पुढे तीन. कारखान्यात माल असा सुधारत गेला असता तर त्यांनी मनातल्या मनात पेढे वाटले असते. पण माल काही आपल्यावरचा शेरा वाचत नाही, माणूस वाचतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला हवी होती. एवढा बारीक नजरेचा माणूस, पण समोरच्या पोरीच्या चेहऱ्याकडे त्याने कधी बघितलंच नाही. पायांकडेच बघत राहिला.

सहाव्या वर्षी ते खाणीत अक्षरशः चुका शोधत फिरले. सापडेना. दुपारी चारच्या सुमाराला नवव्या सेक्शनपाशी उभे राहिले. कोरड्या ओढ्यातून वर निघणारी वाट होती. नवशिक्याला डावीकडून जाता येत होतं, तयार गड्याला उजवीकडचा खडक खुणावत होता. सबंध दिवसात कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि जो तो हसत बाहेर पडत होता. सयाजीरावांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या गाडीवाल्याच्या पायांकडे बघू लागले.

घरी येऊन त्यांनी कागद पुढ्यात घेतला. उजव्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. डावा रकाना त्यांनी कधी भरलाच नव्हता. या वेळी त्यावर रेघ मात्र ओढली नाही. नाव घातलं, तारीख घातली, झोकात सही केली.

शालनताईंनी भाजी निवडता निवडता डोकावून पाहिलं. "अवो, काहीच न्हाई लिवलं?"

"लिहिण्यासारखं काही ठेवलंच नाही पोरीनं."

"मग त्येच लिवा की."

"ते काय लिहायचं? तिला कळतं."

दुसऱ्या दिवशी आकाशकरवी कागद पोचता केला. आयुष्यात एवढी मोठी शाबासकी आपण कुणाला दिली नाही, या समाधानात सयाजीराव आठवडाभर होते.

पंधरा दिवसांनी ट्रायल्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीक्षाचा मेसेज आला. 'यापुढे मला जमणार नाही. सगळ्यांचे आभार.' पोरांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. सयाजीरावांना वाटलं, नोकरी असेल, परीक्षा असेल, लग्नाचं बघत असतील. त्यांनीही हात जोडल्याचं एक चित्र टाकलं.

पुढची ट्रायल इंद्रजितने अंगावर घेतली. माणसं कमी, म्हणून दोन सेक्शन आखायला सयाजीरावांना सांगितलं. साठी उलटलेला माणूस, पाच रविवार दगड लोटत राहिला. पाठ धरली, नखं काळी पडली. ट्रायल संपली आणि संध्याकाळी ग्रुपवर कुण्या कॉलेजच्या पोराचं वाक्य आलं, 'सेक्शन तीन एकदम बकवास, वळण चुकीचं.' बास. सयाजीराव फोन हातात घेऊन बाल्कनीत बसून राहिले.

"खोटं लिवलंय का त्येनं?" शालनताईंनी विचारलं.

"खोटं नाही. वळण चुकलंच होतं."

"मग?"

"दुसरा सेक्शन चांगला झाला होता गं," ते म्हणाले, आणि आपल्याच आवाजाने दचकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आकाशला फोन लावला. "दीक्षाने का रे सोडलं?"

"काका, ते तुमी तिलाच विचारा ना. मी सांगितलं तर ती मला सोडणार नाय."

पुढच्याच रविवारी संध्याकाळी सयाजीराव करंजाड्याला दीक्षाच्या घरी गेले. दार दीक्षाच्या आईने, भिमाबाईंनी उघडलं. "या भाऊ, या. निकमभाऊच ना? तुमच्या अक्षराला वळखते मी," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

दीक्षा हसतमुख होती. शिवतेजची चौकशी केली, काकूंच्या गुडघ्यांची केली. सयाजीरावांनाच आडून बोलता येत नव्हतं. "पोरी, तू परत ये," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय तिथे काही उभं राहत नाही."

तिने कपाटातून एक फाइल काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. आत सहा वर्षांचे सहा कागद होते, त्यांचेच. प्रत्येक मुद्द्यासमोर तिने बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, 'झालं'. तेवीसच्या तेवीस. सतराच्या सतरा. 'उसळ गार'च्या पुढे लिहिलं होतं, 'आईला गरम राहणारा मोठा डबा आणला'.

"बाकीच्यांचे कागद मी ठेवलेच नाहीत काका. 'मस्त', 'एक नंबर', त्याचं काय करायचं? खरं काय ते तुम्हीच लिहायचात. मी दरवर्षी आधी डावा रकाना बघायचे. रेघ असायची. म्हणायचे, ठीक आहे, अजून जमलं नाही, पुढच्या वर्षी." तिने शेवटचा कागद वर काढला. "आणि हा आला. रेघसुद्धा नाही. मला वाटलं, काका कंटाळले. रेघ ओढण्याच्यासुद्धा लायकीचं राहिलं नाही आपलं काम. मग मीच थांबले."

सयाजीराव खुर्चीतून पुढे सरकले. "अगं, तो कोरा होता म्हणजे चूकच नव्हती! एकही नाही. नऊच्या नऊ सेक्शन. मी चार वाजता नवव्यापाशी उभा होतो, माझे डोळे भरले होते दीक्षा. तो कागद म्हणजे शून्य होतं. शून्य!"

तिने कागदाकडे बघितलं. मग डोळे पुसत हसली, आणि ते हसू बघण्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं.

"काका, शून्य असलं तरी शून्याच्या घरात भोक लागतं ना?"

सयाजीरावांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं आणि कागद आपल्याकडे ओढला. डाव्या रकान्यावर पेन टेकवणार, तेवढ्यात तिने कागदावर हात ठेवला. जोरात नाही, हलकेच ठेवला.

"आता नको. मागाहून नाही लिहायचं. इंद्रजितला तुम्ही तेच सांगितलं होतं, आणि मी तुमच्या बाजूने उभी होते."

"पोरी, तेव्हा गोष्ट वेगळी होती..."

"नाही काका. तेव्हाही तुमचं बरोबरच होतं." तिने कागद फाइलमध्ये नीट लावला. "आज सांगितलंत, बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पण आता रविवारी माझे क्लास असतात, आणि तिकडे मन जात नाही."

भिमाबाईंनी चहाबरोबर वाटीत उसळ आणली होती. वाफ निघत होती. सयाजीरावांनी एक घास घेतला, मग दुसरा. भिमाबाई दारात उभ्या होत्या. सयाजीरावांनी वाटी खाली ठेवली, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, उसळ फार चांगली झालीय."

दीक्षाने झटकन मान वर केली. मग ती फाइल उचलून कपाटात ठेवायला उठली.