सावकाश आणि चौदावं वळण

माझा धाकटा भाऊ गाडीत बसला की ओकतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचं बरंच कौतुक यायचं आहे आणि उगाच तुमचा गैरसमज नको. पुढच्या सीटवर बसवा, काच खाली करा, लिंबू हुंगायला द्या, तिसऱ्या वळणावर त्याचा चेहरा पांढराफटक पडतोच. गाडी चालवायला तो कधी शिकला नाही. आणि आमच्या डोंगरातल्या मोटारशर्यतीत मोठमोठे ड्रायव्हर याच माणसाला विचारून टायर निवडतात. सावकाश म्हणतात त्याला. जेवण सावकाश, बोलणं सावकाश, चालणं तर विचारूच नका.

माझ्या पोटात दुखतं का? दुखतं. लपवून काय उपयोग?

गाडी मी बांधली आहे. टूरिंग कार म्हणजे दिसायला चारचौघांसारखी घरगुती गाडी. आतली सीटं, गालिचे, दारांची अस्तरं सगळं उपटून टाकायचं आणि पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवायचा. तो पिंजरा मी माझ्या गॅरेजात वेल्ड केला, दोन दिवस डोळे चुरचुरत होते. इंजिन चारदा उतरवलं, चारदा चढवलं. ती गाडी चालवते माझी एकुलती एक मुलगी. आणि शर्यत चालू असताना हेडसेट लावून तिच्या कानात बोलतो कोण? सावकाश! आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच.

त्याची नोकरी पाण्याचे मीटर वाचायची. घरोघर पायी जायचं, जिन्याखाली वाकायचं, आकडा लिहायचा. कुठल्या भिंतीत पाणी मुरतंय ते नुसता तळवा टेकवून सांगतो. लग्न केलं नाही, जेवायला आमच्याकडे. माझी बायको त्याला आधी वाढते. म्हणते, "भावजी दिवसभर चालून येतात हो." मी दिवसभर गाडीखाली आडवा असतो, तेव्हा मी झोपा काढतो असं तिला वाटत असावं.

शर्यतीचं सर्किट म्हणजे आमचाच घाटरस्ता. दोन दिवस वाहतूक बंद करतात. अलीकडून वर चढायचं, माथ्यावरून पलीकडे उतरायचं, आणि डोंगराला वळसा घालून परत. अशी अठरा वळणं. आमचं घर पलीकडच्या पायथ्याशी, शाळा अलीकडच्या उतारावर. मी बसने जायचो. सावकाश बसमध्ये ओकायचा, पोरं नाक दाबून ओरडायची, तेव्हा त्याने बस सोडली आणि चालायला लागला. दहा वर्षं चालला. त्यामुळे आज त्याला एकेक वळण पाठ आहे आणि लोकांना ती मोठी विद्या वाटते. अहो, ओकारीतून आलेली विद्या ती!

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो वही घेऊन अख्खं सर्किट पायी फिरतो आणि मुलगी त्याच्या मागोमाग. मी त्या वेळी ब्रेकचे पॅड बदलत असतो. दोघं हसत हसत परत येतात. "अरे काका, तू पण ना!" आणि माझ्याकडे वळून, "अहो बाबा, ब्रेक झाले का?" काकाला अरे, बापाला अहो. घरात कुणालाच यात काही वावगं वाटत नाही.

या वर्षी मात्र जेवताना माझ्या तोंडून निघून गेलंच.

"हेडसेट या वेळी मी लावणार."

मुलीने हातातला घास खाली ठेवला. "अहो बाबा, काकाला वळणं माहीत आहेत."

"आणि मला काय माहीत आहे, बाजाराचा रस्ता? जन्म गेला माझा या घाटात. हा उंटावरचा शहाणा, काटा साठच्या वर गेला की डोळे मिटतो!"

"भावजींवर कशाला घसरता?" बायको म्हणाली.

सावकाशने पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला. "बोलू दे की दादाला. गाडी त्याने बांधलीय."

इतक्या सहज देऊन टाकलं त्याने. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी म्हणाली, "ठीक आहे. जमलं तर यापुढे कायम तुम्हीच. नाही जमलं तर परत हट्ट करायचा नाही."

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या रेषेजवळच्या आमच्या तंबूत मी हेडसेट चढवला तेव्हा सावकाशने त्याची वही पुढे केली. "लागली तर असू दे, दादा." मी न उघडताच ती खिशात कोंबली. तो मागे जाऊन जुन्या टायरांवर बसला.

मुलगी सहाव्या जागेवरून निघाली. या शर्यतीत गाड्या एकमेकींना खेटून जातात, आरसे उडतात, दारं चेपतात. मी बटण दाबून ओरडत होतो. दाब! सोडू नकोस! दाब!

"बाबा, नुसतं दाब नको," ती म्हणाली. "पुढे काय आहे ते सांगा."

पुढे काय आहे? मला समोरचा सरळ रस्ता आणि पहिली दोन वळणं दिसत होती, बाकी सगळं डोंगराआड. तरी सात फेऱ्यांत ती चौथी आली. नवव्या फेरीला तिचा आवाज आला.

"बाबा, मागच्या फेरीला चौदाव्यावर सावली यायला लागली होती. पाणी असेल का? पुढचा दर वेळी आतून जातोय. मी कुठून जाऊ?"

चौदावं वळण. दहा वर्षं मी रोज दोनदा त्यावरून गेलो होतो, बसच्या मागच्या सीटवर, पोरांशी भेंड्या खेळत. मला काहीही आठवेना. "कोरडं आहे, घाल आतून," हे अगदी ओठांवर आलं होतं. बोललो असतो तर आज हे सांगायला तोंड राहिलं नसतं.

मी खिशातून वही ओढली. पानं एकमेकांना चिकटलेली, घामाने ओली. सापडलं.

'वळण चौदा. तीननंतर सावली. कपारीतून पाणी झिरपतं, आतल्या चाकाखाली येतं. आत जायचं नाही, कठड्याजवळून जायचं.'

मी तसंच्या तसं वाचून दाखवलं. खाली आणखी एक ओळ होती. ती मी मोठ्याने वाचली नाही.

'इथे बस मला गाठायची. दादा मागच्या काचेत. हात केला तरी बघायचा नाही.'

मला काही दिसलं नाही, तिनेच कानात ओरडून सांगितलं: पुढची गाडी आतून गेली आणि गरकन फिरून आडवी झाली. मुलगी कठड्याला घासून पुढे निघाली. शेवटपर्यंत मी एकेक पान वाचत राहिलो आणि ती तिसरी आली.

हेल्मेट काढून ती धावत आली ती थेट माझ्या गळ्यात. "बाबा, काय सांगितलंत चौदावं! कसं आठवलं?"

सावकाश शेजारीच उभा होता. मी म्हणायला हवं होतं, वहीत होतं. मी म्हणालो, "जन्म गेला माझा या घाटात."

"दादाला सगळं माहीत असतं," सावकाश म्हणाला. टोमणा नव्हता तो. टोमणा त्याला येत नाही. मग त्याने विचारलं, "दादा, वही?"

"असेल इथेच कुठेतरी," मी म्हणालो. ती माझ्या खिशात होती.

संध्याकाळी गाडी ट्रकवर चढवली. आमचं घर पलीकडच्या पायथ्याशी, सावकाश नेहमीप्रमाणे पायी निघाला. मी मुलीसाठी ट्रकचं दार उघडून धरलं. हेडसेट आता कायमचा माझा होता, वाटेत तिच्याशी खूप बोलायचं होतं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी काकाबरोबर चालत येते. चौदावं जरा जवळून बघायचंय."

दोरखंड आवळायला मला बराच वेळ लागला. चौदाव्या वळणाला मी त्यांना गाठलं. दोघं रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली होती, तळवे ओल्या डांबरावर टेकून. तो काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती.

मी ट्रक हळू केला, काच खाली केली आणि हात केला. दोघांनीही वर पाहिलं नाही.