विंगेतून सांगितलेली माफी

शेवगाव तालुक्यातल्या त्या गावात कानिफनाथाला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत त्याने एक दिवसही शिकवलं नाही. तीस वर्षं नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर लोखंड सोललं आणि मुदतीआधीच रिटायर होऊन गावी आला. पण जत्रेच्या नाटकात ज्याच्या हाती वही तो मास्तर, अशी गावाची रीत. वही तर नोकरीत असल्यापासून त्याच्याच हाती होती. जत्रेसाठी तो रजा टाकून यायचा.

वही म्हणजे ‘संगीत मुकुटहरण’. आजोबांच्या पिढीतल्या कुणी तरी शाईने उतरवून घेतलेलं तीन अंकी नाटक. एक भोळा राजा, त्याच्या मुकुटावर डोळा ठेवलेला प्रधान, रोज सकाळी बाजू बदलणारे दरबारी, आणि राजाला हसत हसत खरं सांगणारा विदूषक. दरसाल चैत्रात हेच नाटक. इतक्या वर्षांत ते गावातल्या शेळ्यांनाही पाठ व्हायला हवं होतं, पण पाठ करायची पद्धतच नव्हती. नट दिवसभर कांद्याच्या काढणीत वाकलेले असायचे. मास्तरने विंगेतून वाक्य सोडायचं आणि नटाने एक श्वास मागे राहून ते खड्या आवाजात म्हणायचं, एवढाच करार.

विदूषक करायचा पुंजाराम. मास्तरचा लहानपणीचा सोबती. उमेदीची वर्षं ऊसतोडीत घालवून पुढे कसाबसा गावच्या हायस्कुलात शिपाई झालेला. शाळेचा शिपाई आणि अक्षरओळख नाही, यावर गाव हसायचं आणि तोही हसायचा. कान मात्र असा तिखट, की मास्तरने ओठ हलवले तरी त्याला वाक्य कळे. जे कानात पडेल ते तो जीव ओतून म्हणायचा. अर्थ कधी विचारला नाही.

मास्तरला शब्दांच्या कोट्या करायची खोड होती. बायको छबूबाई म्हणायची, “सरळ बोलला तर यांची जीभ आंबती.” रिटायर झाल्यावर दिवसभर टीव्हीसमोर बसून तो दिल्लीवर चिडायचा. ज्याला मत दिलं तो महिन्याभरात दुसऱ्याच्या मांडवात जेवायला बसलेला. कांद्याला जरा भाव आला की तिकडून निर्यात बंद. आणि संध्याकाळी तेच आठ चेहरे टीव्हीवर एकमेकांवर खेकसणार. ही चीड काढायला मास्तरकडे दुसरी जागा नव्हती. त्याने ती वहीत नसलेल्या वाक्यांतून काढायला सुरुवात केली. एखादं वाक्य दरसाल विदूषकाच्या तोंडी घालायचा. लोक पोट धरून हसायचे, टाळ्या पुंजारामला मिळायच्या. अंधारात उभ्या मास्तरला तेच बरं वाटायचं. चिडायचंही आपण आणि सुरक्षितही आपणच.

तीन वर्षांपूर्वीच्या जत्रेत दुसऱ्या अंकात त्याने सोडलं, “महाराज, तिकडून आश्वासन येतं, इकडं रयत शवासन करते.” पुंजाराम म्हणाला. मैदान हसलं. मग मास्तरला चेव चढला. “महाराज, पितृपक्ष पंधरा दिवसांत संपतो, आणि जेवला की कावळा उडून तरी जातो. हा पक्ष मात्र पाच वर्षं ताटावरून उठत नाही.” पुंजारामने ताटावरून न उठणारा कावळा असा हुबेहूब करून दाखवला, की पहिल्या रांगेतले जत्रा कमिटीचे आणि शाळेचेही अध्यक्ष काकासाहेब डोळे पुसायला लागले.

कुणी तरी ते मोबाईलवर घेतलं. तिसऱ्या दिवशी तालुक्यातून दोन गाड्या भरून कार्यकर्ते आले. आमच्या पक्षाला कावळा म्हटलं, भावना दुखावल्या, केस करू. परवा हसलेले काकासाहेब आज गंभीर झाले आणि त्यांनी तोडगा काढला: ज्या स्टेजवर बोलला त्याच स्टेजवर, मोबाईलसमोर पुंजारामने माफी मागायची. “हे तुला कुणी शिकवलं?” असं एकाने दरडावून विचारलं. पुंजाराम म्हणाला, “माझ्याच तोंडातून आलं, साहेब.” शेजारी उभा असलेला मास्तर खाली बघत राहिला. तेव्हा दिशाचं, त्याच्या मुलीचं लग्न जुळत होतं आणि व्याही त्याच पक्षातले होते. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं.

माफीचा कागद काकासाहेबांनी लिहिला. पण पुंजारामला वाचता येईना. मग कागद मास्तरच्या हातात आला आणि तो पायांच्या सवयीने विंगेत जाऊन उभा राहिला. स्टेजवर पडदे नव्हते, भर दुपार होती, सगळ्यांना सगळं दिसत होतं. पुंजारामने हात जोडले, मान किंचित तिरकी करून कान विंगेकडे लावला.

“चूक माझी आहे,” मास्तर म्हणाला.

“चूक माझी हाय,” पुंजाराम म्हणाला.

“यात दुसऱ्या कुणाचा हात नाही.”

इथे पुंजाराम एक श्वास नाही, दोन श्वास थांबला. त्याने एकदाच विंगेकडे पाहिलं. मग म्हणाला, “यात दुसऱ्या कुनाचा हात न्हाई.”

पुढच्या सोमवारपासून त्याला शाळेत येऊ नको म्हणून सांगितलं. छप्पन्नाव्या वर्षी तो परत कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला. दोन हंगाम केले. दुसऱ्यातून खोकतच आला आणि नगरला दवाखान्यात पंधरा दिवस काढून तिथेच वारला. मास्तर भेटायला गेला नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता थेट दहाव्यालाच गेला.

दहाव्याहून घरी येऊन तो छबूबाईला म्हणाला, “पाणी दे.” आणि एका श्वासानंतर त्याला पुंजारामच्या खड्या आवाजात ऐकू आलं, “पाणी दे.”

त्या दिवसापासून हे सुरू झालं. चहात साखर कमी म्हटलं, की मागून साखर कमी. कुत्र्याला हाड म्हटलं, की मागून हाड. शेवगावच्या डॉक्टरने कान तपासले, दोष सापडला नाही. एकदा भर उन्हात, कांदा साठवायच्या चाळीजवळ एकटा असताना धीर करून त्याने हाक मारली, “पुंजाराम?” वाऱ्याने छपराचं पाचट हललं. मग शेजारीच, तसाच विचारणारा आवाज आला, “पुंजाराम?” त्या आवाजाने मास्तरला शिवी दिली असती, जाब विचारला असता, तरी बरं वाटलं असतं. पण तो स्वतःचं असं काही बोलतच नव्हता.

मास्तरने बोलणं कमी केलं. कोट्या तर सुटल्याच. टीव्हीवर दिल्लीतलं काही लागलं आणि चीड घशाशी आली, तरी तो गिळायचा. गाव म्हणायचं, मास्तर म्हातारा झाला.

दोन वर्षं नाटक बंद होतं. यंदा कमिटीने परत ठरवलं, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी काकासाहेबांनी वही घरपोच पाठवली. सोबत निरोप होता, विदूषकाला नवा माणूस मिळाला आहे, तुम्ही फक्त विंगेत उभे राहा. मास्तरला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून तो भागूबाईकडे गेला. पुंजारामची बायको अंगणात बाजरी पाखडत होती.

“वहिनी,” तो उभ्या उभ्याच म्हणाला, “ते कावळ्याचं वाक्य माझं होतं.”

भागूबाईने सूप थांबवलं नाही. “ठावं हाय, भावजी.”

“कुणी सांगितलं?”

“सांगाया कशाला पायजे? त्यांना ‘ग’ म्हंजी काय ते कळत न्हवतं. असलं बोलनं ते कुठून आनतील? समद्या गावाला ठावं हाय. काकासायबालाबी.” तिने खडे वेचून बाजूला टाकले. “दवाखान्यात दाराकडं बघत पडायचे. म्या इचारलं, कुनाची वाट बघताय? तर म्हनले, नाथा येईन. मला काय बोलायचं ते तो सांगन.”

मास्तरला रडू आलं आणि तो रडला.

भागूबाईने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “माझ्याम्होरं रडून काय उपेग? मला तर पहिल्यापून ठावं हुतं. माफी जितं मागायला लावली तितं जावा.”

दुपारी कुस्त्यांचा हगामा भरला होता. चार गावची माणसं, स्टेजवर पाहुणे, मधोमध काकासाहेब माईक घेऊन. मास्तर विंगेच्या बाजूने न चढता समोरच्या पायऱ्यांनी वर गेला. त्याने हात पुढे केला तेव्हा काकासाहेबांना वाटलं, नाटकाचं काही जाहीर करायचं असेल. त्यांनी माईक दिला.

बावीस जत्रा काढलेला माणूस, पण लोकांकडे तोंड करून तो कधी उभा राहिला नव्हता. त्याने सवयीने विंगेकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

“कावळ्याचं वाक्य पुंजारामचं नव्हतं,” तो म्हणाला. “मी सांगितलं, त्याने म्हटलं. माफीसुद्धा मीच सांगितली, तीही त्याने म्हटली. चूक त्याची नव्हती. ते वाक्य मला आजही खरं वाटतं, त्याची माफी मी मागत नाही. पुंजारामची मागतो.”

काकासाहेब माईक घ्यायला पुढे सरकले. मैदानात कुजबुज झाली आणि मग एकेक करून मोबाईल वर आले. मास्तरने ते पाहिले. त्याने माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि रेकॉर्डिंग नीट यावं म्हणून, आधी स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव सांगून, सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागला.